शेडमागचा निळा ड्रम

पाणी बघायला कुणी आलं की सिंधुदुर्गातला पोल्ट्रीवाला आधी खिशातून टीडीएस मीटर काढतो. पेनाएवढं ते यंत्र विहिरीच्या पाण्यात बुडवलं की आकडा येतो साठ, फार तर सत्तर. मग छाती पुढे काढून ऐकवलं जातं, "बाटलेतला पाणी पण इतक्या चांगला नसता!" घाटावरून बदली होऊन आलेला कंपनीचा सुपरवायझरही मान डोलावतो. त्याच्या गावाकडे बोअरचा आकडा हजाराच्या पुढे, पक्ष्यांच्या पिण्याच्या निपलवर क्षारांचे पांढरे थर आणि अंघोळीला साबणाचा फेस नाही. त्याच्या लेखी कोकण म्हणजे पाण्याचा स्वर्ग. शेडमधल्या पाण्याच्या लायनी जोडत फिरताना हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता मध्ये बोलत नाही. पिलं उतरून तिसरा आठवडा लागला की फोन येतोच.

फोनवरची तक्रार पाण्याची कधीच नसते. तूस भिजतंय, शेडमध्ये डोळे चुरचुरतात, औषध लागू पडत नाही, असं काहीतरी असतं. माग काढत गेलं की लायनीच्या टोकाला निपल सापडतो. त्याची पिन लाल गाळानं अडकलेली असते, म्हणून तो थेंब थेंब गळतो. गळतीनं तुसाची गादी ओली होते, ओल्या गादीतून अमोनिया सुटतो आणि अमोनियानं पक्ष्यांचे डोळे लाल होतात, श्वास घरघरतो. मग डॉक्टर श्वासाच्या आजाराचं औषध लिहून देतात आणि ते औषध पुन्हा त्याच पाण्यातून दिलं जातं.

मूळ दुखणं त्या साठ-सत्तरच्या आकड्यात आहे. जांभा हा धुऊन निघालेला दगड. विरघळण्याजोगं जे काही त्यात होतं, कॅल्शियम म्हणा, मॅग्नेशियम म्हणा, ते पावसानं केव्हाच समुद्राला नेऊन दिलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. पावसाचं पाणी मातीतून खाली उतरताना मुळांनी सोडलेला आणि कुजत्या पाल्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड बरोबर घेतं आणि सौम्य आम्ल होतं. देशावर त्याला वाटेत चुनखडी भेटते, तिथे त्याची आम्लता मोडते. आमच्याकडे जांभ्यात त्याला असं काहीच भेटत नाही. म्हणून ते विहिरीत येतं ते उपाशी पाणी. पुढे जे धातूचं मिळेल ते खात सुटतं: जीआय पाइप, पंपाचा पंखा, पितळी कॉक, निपलची पिन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलंय. आमच्या कित्येक विहिरी साडेपाच ते सहाच्या दरम्यान असतात. टीडीएस मीटर हे सांगत नाही, कारण पाण्यात किती आहे एवढंच त्याला कळतं, काय आहे ते कळत नाही.

हे सगळं एका काकांना समजावून सांगितल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्याला तोड नाही. "सायबा, ह्या पाणी माझ्या आज्यान पिल्यान, बापाशीन पिल्यान, मी पितंय. कोंबड्यांकाच काय धाड भरली?"

काकांचा मुद्दा खोटा नव्हता. कोंबडीला थोडं आंबट पाणी चालतं, किंबहुना आवडतं. पण काका विहिरीचं पाणी कळशीतून पीत होते. कोंबड्या ते शंभर-दीडशे फूट पाइपातून, रात्रभर साचलेलं, पाइपाचं लोखंड खाऊन आलेलं पीत होत्या. त्यातही पहिल्या आठवड्यात ब्रूडरची ऊब लागून ते कोमट झालेलं. पक्षी खाद्याच्या वजनाच्या सुमारे पावणेदोन-दोनपट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. खाद्याच्या गोणीवर छापलेला प्रत्येक टक्का वाचणारा माणूस त्याच्या दुप्पट वजनाच्या वस्तूकडे मात्र बघत नाही.

आता बाटलीचा किस्सा. एका शेडवर विहिरीच्या काठाला मीटर लावला, पीएच ५.६. मालकाचा विश्वास बसेना. त्यानं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, पिशवीत टाकलं आणि एसटीनं जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत नेऊन दिलं. अहवाल आला ६.६. या मापाचा हिशेब असा की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आम्लता. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्या पदरी, सोरेन्सन यांनी ते असंच बांधलं. तेव्हा हा काही किरकोळ फरक नव्हता आणि मालकानं तो चारचौघांत आमच्या तोंडावर मारला. मीटरवाला लुटायला आलाय असं गावभर झालं.

प्रयोगशाळा बरोबर होती आणि मीटरही बरोबर होता. अर्ध्या भरलेल्या बाटलीत, कोकणातल्या रस्त्यावर, एसटीच्या मागच्या सीटवर ते पाणी तासभर खुळखुळत गेलं. खुळखुळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला आणि आम्लता उतरली. मालकाला पटवायला दोन बादल्या पुरल्या. विहिरीचं ताजं पाणी या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतत राहायचं आणि मधूनमधून मीटर बुडवायचा. आकडा डोळ्यादेखत चढत जातो. बघायला जमलेल्यांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे काय घातलास तरी काय त्यात?" काही घातलं नव्हतं, आत होतं ते बाहेर काढलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या सगळ्या जोडण्यांमध्ये पहिली पायरी हवेची. विहिरीतून आलेलं पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखं उघड्या टाकीत पाडायचं, वर पत्र्याची सावली आणि डासांसाठी जाळी. याला खर्च म्हणण्यासारखा खर्च नाही. आम्लतेचा मोठा हिस्सा इथेच उडतो. शिवाय हवा लागल्यानं पाण्यात विरघळलेलं लोह गंजाच्या रूपानं खाली बसायला लागतं. मात्र पीएच कमी असताना ही गंजण्याची क्रिया फार रेंगाळते. एका अंकानं पीएच चढला की तिचा वेग शंभरपटीच्या घरात वाढतो. म्हणून नुसती हवा पुरत नाही. तिच्या मागे काहीतरी लागतं.

त्या "काहीतरी"वर कोकणात जेवढे सल्ले मिळतात तेवढे दशावतारात राक्षसही नसतील. लाल पाणी दिसलं की पहिला हात जातो तुरटीकडे. तुरटी फिरवली की गढूळपणा बसतो, पण ती स्वतः आम्लधर्मी. पाण्यात जी काही थोडीथोडकी क्षारता असेल तीही खाते. एका ताईंनी टाकीत रोज तुरटीचा खडा फिरवून पीएच पाचाच्या खाली नेला होता आणि पाणी मात्र काचेसारखं दिसत होतं. शेवग्याच्या बियांची भुकटी हा दुसरा सल्ला. तीही गढूळपणाच बसवते, आम्लतेशी तिचा संबंध नाही. करवंटीचा कोळसा वासाला चांगला, या कामाला नाही. चुलीतली राख खरोखर पीएच वाढवते, पण कुठल्या लाकडाची राख त्यावर सगळं अवलंबून. आज सात, उद्या दहा.

आणि चुना. याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानं झालेलं मी बघितलं नाही. हिशेब करून बघा. लिटरमागे ५० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असेल तर हजार लिटरच्या टाकीला विझवलेला चुना लागतो ४२ ग्रॅम. एका शेडवर मालक रोज तांब्याभर कालवून ओतत होता. चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. पक्ष्यांनी पाण्याला तोंड लावणं कमी केलं, पाणी कमी म्हणून खाद्य कमी, वजन मागे पडलं. वर मालक क्लोरीन न चुकता टाकत होता, आणि क्लोरीनचं असं आहे की पीएच साडेसहा असेल तर त्याचा बहुतेक भाग जंतू मारायला मोकळा असतो. साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा उरतो आणि त्यापुढे विचारूच नका. म्हणजे एका डब्यातून पैसे ओतायचे आणि दुसऱ्या डब्यातून ते निकामी करायचे. चुना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रोज मोजून घालणारा माणूस असेल तर तो स्वस्त आणि चोख आहे. पण सकाळी सहाला शेड उघडणाऱ्या गड्याच्या हातात तो द्यायचा म्हणजे पाण्याचा लगाम त्याच्या मुठीच्या आकाराकडे सोपवायचा.

शिंपला इथे बाजी मारतो, आणि त्याचं कारण तो नैसर्गिक आहे हे नव्हे. तसा चुनाही नैसर्गिकच. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात आम्लता असेल तेवढ्यापुरताच तो विरघळतो आणि ती संपली की थांबतो. तुम्ही एक घमेलं टाका नाहीतर दहा, चुन्यासारखा तो अकरा-बारावर जात नाही. विरघळताना पाण्यात बायकार्बोनेट सोडतो, म्हणजे पाण्याला थोडं वजन येतं, थोडी सहनशक्ती येते. आणि गंमत अशी की हा माल अंडीवाल्यांच्या खाद्याच्या खोलीत आधीच पडलेला असतो. लेअरच्या खाद्यात शेलग्रिट म्हणून जो घालतात तो हाच. अंड्याचं कवच ९४-९५ टक्के याच पदार्थाचं.

गोणीतला शेलग्रिट विकत आणणं सोपं. पण मालवण, आचरा, कर्ली, कुठल्याही खाडीकाठी जा, घरामागे आणि खानावळींच्या मागे तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या टरफलांचे ढीग पडलेले दिसतात. एकेकाळी हाच माल भट्टीत भाजून किनाऱ्यावरच्या घरांचा चुना व्हायचा. आता तो रस्त्याच्या खड्ड्यात जातो. फुकट माल बघून एका हौशी तरुणानं टेंपो भरून शिंपले आणले आणि ज्यातून विहिरीचं पाणी न्यायचं त्या ड्रममध्ये तसेच ओतले. त्यातल्या निम्म्या शिंपल्यांत मांसाचे देठ अजून चिकटलेले होते. दोन दिवसांत शेडच्या मागे उभं राहवेना, माश्यांनी पत्रा काळा झाला. सुपरवायझरनं नाक धरून विचारलं, "दादा, मर कुठं टाकताय?" मेलेल्या पक्ष्यांचा खड्डाच उघडा राहिलाय असं त्याला वाटलं.

खाडीचा शिंपला वापरायचा तर तो उन्हात पसरून एक अख्खा पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यावा. मुंग्या आणि पाऊस मिळून जे करतात ते हातानं घासून होत नाही. मग फोडून साधारण हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे करायचे, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचे आणि मीठ जाईपर्यंत धुवायचे. त्या टीडीएस मीटरचा खरा उपयोग इथे आहे. धुण्याचं पाणी विहिरीच्या पाण्याइतकं उतरलं की मीठ गेलं समजा. तिसऱ्यांचा शिंपला कालवाच्या मानानं किंचित लवकर विरघळतो, कारण दोघांच्या स्फटिकांची घडण वेगळी. आम्ही दोन्ही मिसळतो. कोण निवडत बसणार?

ड्रम म्हणजे दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा. पाणी खालून आत येतं, शिंपल्यांतून सावकाश वर चढतं आणि वरच्या नळीनं बाहेर पडतं. वरून सोडलं तर ते एकाच बाजूनं वाट करून पळतं, बाकीचे शिंपले नुसते शोभेचे राहतात. तळाला धुण्याचा मोठा कॉक. आणि ड्रम वगळून पाणी पुढे नेणारी एक बगल नळी, जी मालकांना नेहमी फालतू खर्च वाटते.

ती नळी का लागते त्याचा किस्सा औषधाचा आहे. रक्ती हगवणीवर सल्फा गटातलं औषध आलं. गड्यानं टाकीत घातलं, ढवळलं, आणि थोड्या वेळानं टाकीच्या तळाशी पांढरा साका. मालकानं दुकानदाराला फोनवर जे ऐकवलं ते छापता येणार नाही. दुकानदारानं दुसऱ्या बॅचची पाकिटं पाठवली, पुन्हा साका. औषध अस्सलच होतं. सल्फाची ही औषधं आम्लधर्मी पाण्यात टिकत नाहीत, खाली बसतात. त्या शेडला तेव्हा ड्रम नव्हता, बादलीत चिमूटभर खायचा सोडा घालून तेच औषध विरघळवून दाखवलं तेव्हा भांडण मिटलं. आता याच्या उलट बघा. टेट्रासायक्लिन गटातलं औषध कॅल्शियमशी बांधलं जातं, त्याला शिंपल्याचं पाणी अडचणीचं. त्या दिवशी बगल नळी उघडायची. डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहितात, पाणी कुठलं ते लिहीत नाहीत. विचारलं तर सांगतात, पण विचारतं कोण?

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस पाण्यातून देतानाही पाण्याचीच परीक्षा असते. लस जिवंत विषाणूची. क्लोरीन आणि पाइपातून सुटलेलं लोखंड-तांबं तिला मारतं. म्हणून आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद ठेवतात, पक्ष्यांना थोडा वेळ तहानलेलं ठेवतात आणि पाण्यात शंभर लिटरला पाव किलो या प्रमाणात साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळतात. दुधातली प्रथिनं या त्रासदायक गोष्टींना धरून ठेवतात, विषाणू वाचतो. हे कारण गड्याला कुणी सांगितलेलं नसतं. एका शेडवर लसीच्या दिवशी पाणी नेहमीसारखंच नितळ दिसलं. चौकशी केली तर पावडरचं पाकीट चहाच्या डब्याशेजारी. "कोंबड्यांका दूध कित्याक?" असा सरळ प्रश्न होता आणि सकाळचा चहा खरोखर फक्कड झाला होता.

सगळ्यात मजेशीर प्रकार आम्लाचा. कंपन्या हल्ली पाण्यातून फॉर्मिक किंवा सायट्रिक आम्लाचं मिश्रण द्यायला सांगतात, कारण त्यानं पाण्यातले आणि पक्ष्याच्या अन्नपिशवीतले घातक जंतू आवरतात. म्हणजे आम्ही शेडच्या मागे पीएच चढवतोय आणि सुपरवायझर पुढच्या दारानं तो उतरवतोय! मालक दोघांकडे आळीपाळीनं बघतो. दोन्ही गोष्टींत विरोध नाही, पाण्याची आम्लता आणि मापून दिलेलं आम्ल यांत फरक आहे, हे मी सांगतो. पण एका ठिकाणी आम्लाचं मिश्रण ड्रमच्या आधीच्या टाकीत घातलं जात होतं. शिंपल्यांनी ते आम्ल इमानेइतबारे खाल्लं. आम्लाचं बिल वाढत गेलं, पक्ष्यांपर्यंत काही पोहोचेना आणि भरलेला ड्रम बघता बघता अर्धा झाला. घरमालकिणीला संशय की शिंपले कोणीतरी चोरतंय. आम्ल द्यायचं तर ड्रमच्या पुढे, शेडच्या वरच्या छोट्या टाकीत. आणि शिंपल्यानं पाण्याला आलेल्या सहनशक्तीमुळे ते आधीपेक्षा थोडं जास्त लागतं, एवढं डॉक्टरांच्या कानावर घालावं.

शिंपला किती लागतो? पाच हजार ब्रॉयलरची शेड शेवटच्या आठवड्यात दिवसाला दीड हजार लिटरच्या आसपास पिते, बॅचच्या सुरुवातीला त्याचा अगदी थोडा भाग. सरासरी दिवसाला हजार लिटर धरलं आणि हवेच्या फवाऱ्याशिवाय सगळा भार शिंपल्यावर टाकला तरी वर्षाला चाळीसेक किलोच्या वर जात नाही. फवारा असेल तर याहून बराच कमी. या खर्चाबद्दल कुणी कुरकुर करत असेल तर त्यानं गंजलेल्या निपलांच्या जागी नव्यांचं एक खोकं विकत आणून बघावं.

तरीही ड्रम फसतात, आणि ते फसलेले ओळखायला येत नाहीत. एका मालकानं मला मोठ्या कौतुकानं आपला ड्रम दाखवला. बसवल्यापासून त्यात एक शिंपला टाकावा लागला नव्हता, काठोकाठ तसाच भरलेला. आत हात घातला तर सगळे शिंपले तपकिरी, गुळगुळीत. पाण्यातल्या लोहानं त्यांच्यावर गंजाचं कवच चढवलं होतं. पाणी त्यांच्या अंगावरून जात होतं, आत शिरत नव्हतं. ड्रमच्या आधी आणि नंतर पीएच एकच. तो ड्रम कधीचा बंद पडला होता आणि मालक त्याची जाहिरात करत होता.

तेव्हा तुमच्याकडे असा ड्रम असेल तर दर बॅचनंतर तळाचा कॉक पूर्ण उघडून तो धुवा आणि खालच्या थरातले शिंपले बाहेर काढून घमेल्यात एकमेकांवर रगडा. त्यातला एक उचलून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर परत टाका, नाही आले तर फोडून टाका, म्हणजे आतली ताजी बाजू उघडी पडेल. ड्रमची पातळी खाली जात असेल तर काळजी करू नका, वरून भर घाला. एक बॅच, दोन बॅच गेल्या आणि ती जराही हलली नाही, तर मात्र लगेच झाकण उघडा.